घरच्या घरी स्केटबोर्ड बनवायचा तर आधी लाकडाच्या रेषा समजून घ्या

मी पहिला बोर्ड बनवला तो १२ मिमीच्या साध्या फर्निचर प्लायचा. उरलेला तुकडा पडला होता, जिगसॉने आकार कापला, आठ भोकं पाडली, ट्रक, म्हणजे चाकं धरणारे धातूचे जोड, कसले आणि संध्याकाळपर्यंत चालवायलाही लागलो, इतका आनंद झाला होता की विचारू नका. चौथ्या दिवशी एका छोट्या पायरीवरून खाली उतरलो आणि पुढच्या ट्रकच्या बोल्टपाशी डेक, म्हणजे उभं राहायची फळी, आडवा मोडला. मोडलेली कड हातात घेऊन नीट बघितली तर आतल्या एका थरात बोट जाईल एवढी पोकळी होती, आणि निम्म्या थरांच्या रेषा आडव्या होत्या. तो तुकडा मी अजून ठेवलाय, कारण डेक बनवताना काय सांभाळायचं ते सगळं त्या कडेत दिसतं.

लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची मोळी असते. तंतूंच्या दिशेने वाकवलं तर ते वाकतं आणि परत सरळ होतं, आडवं वाकवलं तर वाळक्या पानासारखं तुकडे होतं. १.५ मिमीचा व्हिनिअरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, तुकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाकवून बघा, दोन सेकंदात कळेल. साध्या प्लायमधे एक थर उभा, एक आडवा, एक उभा असं चालतं, कारण कपाटाच्या दाराला दोन्हीकडून सारखी ताकद लागते. स्केटबोर्डचं तसं नाही. दोन ट्रकच्या मधे तो पुलासारखा असतो, सगळा भार लांबीत येतो. म्हणून चांगल्या डेकमधे ७ थर असतात, त्यातले ५ उभे आणि फक्त २ आडवे, बहुतेक वेळा तिसरा आणि पाचवा. उभे थर वजन घेतात आणि आडवे दोन डेकला लांबीत चिरू देत नाहीत. लाकूड असतं हार्ड मेपल, प्रत्येक थर साधारण १.५ मिमी, दाबून सगळं मिळून ११ मिमीच्या आसपास.

आता कोणता बोर्ड करायचा ते आधी ठरवा. नुसतं रस्त्यावर फिरायचं असेल, ट्रिक वगैरे काही नको, तर सपाट क्रूझर करा, अर्ध्या दिवसात होतो. त्याच्यासाठी १२ मिमीचा बर्च प्लाय घ्या, चांगल्या बर्च प्लायमधे तेवढ्या जाडीत ९ पातळ थर असतात आणि आत पोकळ्या नसतात. कापताना वरच्या थराच्या रेषा बोर्डच्या लांबीत येतील असं बघा, म्हणजे ९ पैकी ५ थर उभे मिळतात. प्लाय घेताना कडेकडून बघून घ्या, कुठे काळी फट दिसली तर तो तुकडा सोडून द्या. क्रूझरवाल्यांनी साच्याचा आणि ग्लूचा भाग गाळून भोकांपासून पुढे वाचलं तरी चालेल.

पण दोन्हीकडे उचललेला, मधे थोडा खोलगट असा खरा डेक हवा असेल तर थर चिकटवून दाबायला लागतात. वेळ जास्त लागतो, साधारण आठवडा धरा, त्यातला बराचसा नुसता थांबण्यात जातो. मला विचाराल तर हाच करा.

काय विकत घ्यायचं

डेक सोडून बाकी सगळं विकत घ्या. ट्रक घरी ओतायचा विचारही करू नका, आणि चाकांचं तर नकोच. सुरुवातीच्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात पोरं फळीला रोलर स्केटची चाकं ठोकून फिरायची, आधी लोखंडी आणि मग मातीच्या मिश्रणाची, जरा खडा आला की चाक अडायचं आणि माणूस पुढे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नासवर्दीने पॉलियुरेथेनची चाकं आणली, तेव्हा कुठे बोर्डला पकड आली. आजही चाक त्याच मटेरियलचं असतं आणि ते घरी नीट जमत नाही.

तर लागतं काय: दोन ट्रक, चार चाकं, आठ बेअरिंग, आठ बोल्ट-नट आणि ग्रिप टेपचा, म्हणजे पाय घसरू नये म्हणून डेकवर चिकटवायच्या खरखरीत कागदाचा, एक शीट. ट्रकचा ॲक्सल डेकच्या रुंदीएवढा हवा, पाच-सहा मिमी इकडेतिकडे चालतं. बेअरिंग ६०८ नंबरचं, आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२ मिमी, जाडी ७ मिमी, हे माप सगळीकडे एकच असल्यामुळे फसायला होत नाही. चाकांचं मात्र ठरवायला लागतं. गुळगुळीत जागा आणि ट्रिकसाठी ५२ ते ५४ मिमीची कडक, ९९ए च्या आसपास (हा कडकपणाचा आकडा, जितका मोठा तितकं चाक कडक). खडबडीत रस्त्यासाठी ५६ ते ६० मिमीची मऊ, ७८ए ते ८५ए. मोठी मऊ चाकं घेतली तर ट्रकखाली ३ मिमीचा रायझर पॅड टाका, नाहीतर वळताना चाक डेकला घासतं आणि बोर्ड जागेवर थांबतो, तुम्ही थांबत नाही.

साचा

आधी मापं ठरवा. मी वापरतो ती सांगतो: लांबी ८१० मिमी, रुंदी २१० मिमी. आतल्या भोकांमधलं अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, ३६२ मिमी. प्रत्येक ट्रकची भोकं लांबीत ५४ मिमी, म्हणजे बाहेरच्या भोकांपर्यंत ४७० झाले. पुढचा नोज १७५ आणि मागची टेल १६५. बेरीज करून बघा, बरोबर ८१० येते. नोज आणि टेलची उचल बाहेरच्या भोकांपासून २० ते २५ मिमी पुढे सुरू करा, त्याच्या आत नाही, कारण ट्रकची बेस प्लेट, म्हणजे डेकला बोल्टने लागणारा खालचा भाग, सपाट जागेवरच बसायला पाहिजे. उचल २० अंशांच्या आसपास ठेवली की टोक साधारण ५० मिमी वर येतं.

पूर्वीचे बोर्ड सपाटच होते. टेल उचलायची कल्पना लॅरी स्टीव्हन्सनची, १९६९ ची. पाय मागे दाबला की पुढचा भाग उचलला जातो, आजच्या सगळ्या ट्रिक त्या उचलीवर उभ्या आहेत.

आणि मधला खोलगटपणा, म्हणजे कॉन्केव्ह. हा कशाला? एक साधा कागद घ्या, एका टोकाला धरून आडवा ठेवा, लगेच खाली लोंबतो. आता तोच कागद लांबीत जरासा पन्हळीसारखा वळवून धरा, सरळ उभा राहतो. जाडी तीच, कागद तोच. डेकमधे ६ ते ८ मिमीची खोली हेच काम करते, शिवाय पायाला कडा जाणवतात त्यामुळे बुटाखाली बोर्ड कुठे आहे ते न बघता समजतं. जास्त खोल करू नका, थर दोन दिशांना एकदम वाकायला कुरकुर करतात आणि कोपऱ्यात सुरकुती येते. ह्याच कारणासाठी ३ मिमीच्या प्लायचे चार शीट चिकटवून डेक करणाऱ्यांनी फक्त नोज-टेलची हलकी उचल ठेवावी, कॉन्केव्ह त्यात नीट येत नाही. कॉन्केव्ह हवा तर १.५ मिमीचं व्हिनिअरच पाहिजे.

साच्यासाठी कडक निळा किंवा गुलाबी फोम मिळतो, इन्सुलेशनचा, तो घ्या. ९०० बाय २६० चा ठोकळा, जाडी किमान ७५ मिमी, नसेल तर दोन शीट चिकटवून करा. पांढरा दाणेदार थर्माकोल नको, दाबाखाली तो चेपतो. साचा मी उलटा करतो, म्हणजे मधे उंच, दोन्ही कडा उतरत्या आणि नोज-टेल खाली झुकलेल्या, थोडक्यात डेक त्याच्यावर पालथा बसतो. खोलगट आकार घासण्यापेक्षा उंचवटा घासणं खूप सोपं जातं. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा एकसारखा प्रोफाइल लावा आणि लांब पट्टीला ८० नंबरचा सँडपेपर चिकटवून त्या प्रोफाइलपर्यंत घासत जा. आधी लांबीतला आकार पूर्ण करा, मग कडा उतरवा. मधूनमधून डोळे मिटून हात फिरवा, डोळ्याला न दिसणारा खड्डा तळहाताला लागतो. साच्यावर मधोमध एक रेघ मारा, ठळक आणि न पुसणारी, पुढे सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

ग्लू लावायचा दिवस

क्लॅम्पने दाबायचं तर दोन बाजूंचा लाकडी साचा लागतो आणि दहा-बारा तरी दणकट क्लॅम्प, आणि तरीही जोर क्लॅम्पखाली जास्त, मधे कमी असा पडतो. घरच्यासाठी मला व्हॅक्यूम बॅगच आवडते. जाड प्लास्टिकची पिशवी, आत साचा आणि थर, तोंड सीलिंग टेपने बंद, आणि हातपंपाने हवा काढायची. हे ऐकायला फुसकं वाटतं, मलाही वाटलेलं, पण हिशोब करा. बाहेरची हवा दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ किलो दाबते. डेकचा कच्चा तुकडा ८४ बाय २४ सेंमी, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटरच्या वर. पंपाने ८० टक्के हवा काढली तरी दीड टनाहून जास्त वजन त्याच्यावर बसतं, आणि तेही प्रत्येक इंचावर सारखं.

ग्लू पाण्याला टिकणारा सुतारकामाचा पीव्हीए घ्या, बाटलीवर डी३ किंवा डी४ लिहिलेलं असतं, नाहीतर टाइटबाँड थ्री. साधा पांढरा ग्लू कोरड्या जागी चालतो पण ओलसरपणा आणि उन्हाने सैल पडतो. फुगणारा पॉलियुरेथेन ग्लू मी टाळतो, फेस येतो आणि फटीत तो फेसच राहतो, ताकद नाही. ७ थरांमधे ६ जोड, प्रत्येक जोड ०.२ चौरस मीटर, सगळं मिळून २०० ते २५० ग्रॅम ग्लू लागतो. अर्धी बाटली उरलीय, होईल त्यात, असं म्हणून सुरू करू नका.

वेळ इथे सगळ्यात महत्त्वाचा. असा ग्लू उघड्यावर ८-१० मिनिटंच ओला राहतो, उकाड्यात त्याहून कमी. म्हणून आधी एकदा कोरडी तालीम करा, खरोखर करा, थर रचा, पिशवीत घाला, हवा काढा, कुठे सुरकुती पडते का, कुठे हवा गळते का ते बघा आणि परत बाहेर काढा. थरांवर १ ते ७ नंबर टाका, ३ आणि ५ वर मोठं आडवं काटकोनातलं चिन्ह करा कारण घाईत तेच चुकतात. दोन्ही टोकांवर मधली रेघ मारून ठेवा. एक पक्कं लक्षात ठेवा, साच्यावर सगळ्यात खाली जो थर जातो तो डेकचा वरचा थर, आपण पालथं बनवतोय.

मग ग्लू. छोटा फोमचा रोलर घ्या, ब्रश नको, ब्रशने जाड-पातळ होतं. प्रत्येक जोडाच्या एका बाजूला पूर्ण पसरवा, पृष्ठभाग ओल्या काचेसारखा चमकला पाहिजे, कुठे लाकूड मॅट दिसलं तर तिथे ग्लू कमी आहे आणि उद्या तिथूनच थर सुटणार. कडांना विसरू नका, बहुतेक डेक कडेपासून सुटतात. शेवटचा थर ठेवला की दोन्ही टोकांना आणि मधे मास्किंग टेपने गठ्ठा बांधून टाका, नाहीतर ओल्या ग्लूवर थर साबणासारखे सरकतात. मधल्या रेघा साच्याच्या रेघेला जुळवा, पिशवीत सरकवा, तोंड बंद, पंप. हवा जाते तसं प्लास्टिक लाकडाला आवळत जातं, तेव्हा एका हाताने पिशवी कडांकडे ताणत राहा म्हणजे सुरकुती डेकच्या अंगावर दबणार नाही. पूर्ण आवळली की टिचकी मारून बघा, दगडासारखा आवाज येतो. तासाभराने परत एकदा पंप मारा, थोडी हवा सगळ्याच पिशव्यांत शिरते.

आणि आता हात लावायचा नाही. ग्लूच्या बाटलीवर अर्धा तास वगैरे लिहिलेलं असतं पण ते सरळ जोडाला, इथे लाकूड सरळ व्हायला धडपडत असतं. किमान ८ तास, मी पूर्ण रात्र आणि वर अर्धा दिवस ठेवतो. दुसऱ्या डेकच्या वेळी धीर सुटला आणि ३ तासात पिशवी उघडली, डेक छान दिसत होता, सकाळपर्यंत टेल निम्मी सरळ झाली होती आणि तिथले थर विलग झालेले. पिशवीतून काढल्यावरही लगेच कापू नका. ग्लूमधलं पाणी लाकडात मुरलेलं असतं, ते बाहेर पडायला तीन दिवस द्या. डेक भिंतीला तिरका टेकवायचा नाही, दोन पट्ट्यांवर ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. एकच बाजू वाळली तर डेक पिळतो, आणि पीळ बसला की तो कशानेच जात नाही.

भोकं आधी, आकार नंतर

पुष्कळ जण आधी आकार कापतात आणि मग भोकं मोजत बसतात. उलटं करा. मधली रेघ डेकवर दोन्ही टोकांतून उतरवून घ्या, घट्ट दोरा ताणून रेघ मारा. भोकांचा चौकोन रुंदीत ४१.३ मिमी आणि लांबीत ५४ मिमी असतो. जुन्या पद्धतीच्या ट्रकना लांबीत ६३.५ मिमी असतात म्हणून आपला ट्रक मोजूनच घ्या, किंवा ट्रकच कागदावर ठेवून भोकं उतरवा. गुण्याने काटकोन तपासा, चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. दोन चौकोनांचे कर्णही एकमेकांशी मोजा. इथे १ मिमी चुकला तर ट्रक वाकडा बसतो आणि बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढतो.

टोच्याने खूण खोल करा म्हणजे ड्रिल घसरणार नाही. ५ मिमीचा बिट, वरून खाली, आणि डेकखाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबून ठेवा नाहीतर खालचा थर फाटतो. ड्रिल सरळ धरायला शेजारी गुण्या उभा करा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा. बोल्टचं डोकं बसण्यापुरती वरून हलकी काउंटरसिंक द्या, खोल नको, तिथे वरचा उभा थरच कापला जातो.

आकारासाठी अर्धाच टेम्प्लेट काढा. जाड कागद मधोमध दुमडून एका बाजूचा आकार काढायचा, कापून उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. टेम्प्लेटला तीच भोकं पाडून डेकच्या खालच्या बाजूला बोल्टने बसवा, म्हणजे तो आपोआप मधे येतो. जिगसॉला बारीक दात्यांचं पातं लावा. पातं वर येताना कापतं म्हणून वरची बाजू फाटते, त्यासाठीच खालची बाजू वर ठेवून कापायचं, रेघेवर मास्किंग टेप लावली तर आणखी साफ निघतं. रेघेच्या २ मिमी बाहेरून कापा. उरलेलं कानस आणि ८० च्या पेपरने उतरवा, मग १२०, मग २२०. कडांना राउटर असेल तर ३ मिमीचा राउंड-ओव्हर, नसेल तर कानसच, दहा मिनिटं जास्त लागतात आणि हाताने केलेली गोलाई मला तरी जास्त छान वाटते. धूळ बारीक उडते, मास्क आणि चष्मा लावा.

कड घासून गुळगुळीत झाली की थर मोजता येतात, पाच उभे फिकट, दोन आडवे गडद, कारण आडव्या थरांची तंतूंची तोंडं टोकांवर नाही, लांब कडेला दिसतात. ती कड थोडी ओली करून भिंगाने बघा. जोडाची रेघ केसासारखी सलग असली की डेक जमला. कुठे काळी फट दिसली तर पातळ ग्लू सुईने आत भरा, क्लॅम्प लावा, रात्रभर ठेवा.

पाण्यापासून वाचवायला पॉलियुरेथेन व्हार्निशचे तीन हात, मधे २२० ने हलकं घासून. कडांना एक हात जास्त, लाकूड पाणी पितं ते तिथूनच. वरच्या बाजूला मात्र एकच पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर ग्रिप टेप धरत नाही.

टेप, ट्रक, चाकं

ग्रिप टेपचा शीट साधारण ९ बाय ३३ इंच असतो. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दाबत जा, मधे हवा अडकली तर ब्लेडच्या टोकाने टोचून बाहेर काढा. मग कानशीने कडेवर ४५ अंशात घासा, पांढरी रेघ उमटते, त्या रेघेवर नव्या ब्लेडने खालून वर कापा. जुनं ब्लेड वापरलंत तर कड फाटकी येणार. खालून भोकांतून सुई वर काढा म्हणजे भोकं कुठे आहेत ते दिसतं.

ट्रक लावताना दोन्हींचे किंगपिन, म्हणजे ट्रकच्या मधले जाड बोल्ट, एकमेकांकडे तोंड करून, म्हणजे बोर्डच्या मध्याकडे. हे उलटं झालं तर वळायला जाल डावीकडे आणि बोर्ड जाईल उजवीकडे. आठही बोल्ट आधी हाताने लावा, मग तिरक्या क्रमाने थोडे थोडे घट्ट करा. पाने तीन लागतात, बोल्टच्या नटला ३/८ इंच, ॲक्सलला १/२ आणि किंगपिनला ९/१६, किंवा तिन्ही एकात असलेला स्केट टूल. बेअरिंग ठोकू नका, ॲक्सलवर बेअरिंग ठेवा, वरून चाक ठेवा आणि दोन्ही तळहातांनी सरळ खाली दाबा, टक आवाज येऊन बसतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना वॉशर. ॲक्सलचा नट पूर्ण कसून मग पाव फेरी सैल करा, चाक किंचित हललं पाहिजे आणि मोकळं फिरलं पाहिजे.

आता दोन विटांवर डेक ठेवा, विटा ट्रकच्या जागी, चाकं मधे येणार नाहीत अशा. मधोमध हळूच उभे राहा आणि कान देऊन ऐका. लाकडाचा हलका कुरकुर आवाज नवीन डेकला येतो, पण कट् असा कोरडा आवाज आला तर खाली उतरा, कुठला तरी जोड सुटलाय. तसं काही नसेल तर एकदा बारीक उडी मारा. मग सपाट, मोकळ्या जागी, हेल्मेट घालून पहिली फेरी. बोर्ड हाताने ढकलून सोडा आणि बघा, सरळ जातो का एका बाजूला जातो. एका बाजूला गेला तर आधी चारही चाकं जमिनीला टेकतायत का बघा, मग नोजपासून टेलपर्यंत दोरा ताणून दोन्ही ॲक्सलची टोकं दोऱ्यापासून मोजा. भोकांत थोडी जागा असतेच, बोल्ट सैल करून ट्रक तेवढा फिरवता येतो.

अर्ध्या तासाने थांबा आणि सगळे बोल्ट पुन्हा कसा, नवीन लाकूड बेस प्लेटखाली थोडं दबतं आणि नट सैल होतात. दुसऱ्या दिवशी परत एकदा. तिसऱ्या दिवसानंतर मला कधी लागले नाहीत.